फ्लेक्सवरचे दोन चुकीचे शब्द

जानेवारीचा तिसरा आठवडा. सेना दिन होऊन गेला होता, प्रजासत्ताक दिन तोंडावर होता आणि पुण्यातल्या आमच्या लष्करी मुख्यालयात सकाळची डाक अजून फोडायची होती. सव्वानऊच्या सुमारास एका कल्याण संघटकाचा फोन आला. हे स्वतः माजी हवालदार. माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची कामं दुचाकीवरून गावोगाव फिरून करणारे.

“जय हिंद साहेब. आमच्याकडं फाट्यावर एक फ्लेक्स लागलाय. पुरात पाच जणांचे प्राण वाचवणारे लान्स नायक अमुक अमुक यांना शौर्यचक्र जाहीर झाल्याबद्दल समस्त ग्रामस्थांतर्फे हार्दिक अभिनंदन. सरपंच म्हणतायत, सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर सत्कार घेऊ. तुमच्याकडं यादी आली असंल तर सांगा, मानपत्र छापायला टाकतो.”

यादी कुणाकडंच आलेली नव्हती. २५ जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत ती बाहेर पडत नाही. (गाव, युनिट, हुद्दे, आकडे, ओळख पटेल असं सगळं इथं बदललेलं आहे.)

अशा फोनला उत्तर ठरलेलं असतं: याबाबत काही सांगता येत नाही. ‘नाही’ म्हणायचा मोह फार होतो, कारण बहुतेक फोन अशा जवानांबद्दल असतात ज्यांचं नाव कुठल्याच फाइलीत नसतं. ‘तसं काही नाही हो’ म्हटलं की दोन मिनिटांत काम संपतं. पण मग ज्याचं नाव खरंच गेलेलं आहे त्याच्याबद्दल विचारणा आली की ‘सांगता येत नाही’ म्हणावं लागतं, आणि विचारणारा दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघतो. थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळून चुकतं की ‘सांगता येत नाही’ म्हणजे ‘आहे’. म्हणून नाव असो वा नसो, वाक्य एकच, सूरही एकच. नव्या क्लार्कला हे शिकवायला पदकांच्या नियमांपेक्षा जास्त वेळ लागतो.

फोन ठेवला आणि कपाट उघडलं. किल्लीच्या रजिस्टरला वेळ आणि सही, मग फाइल. नाव होतं. पण आमच्याकडून दिल्लीला गेलेल्या कागदावर त्या नावापुढं शौर्यचक्र नव्हतं. त्याहून खालचं सेना पदक होतं. फ्लेक्स फुटलेल्या गोष्टीचा होता, आणि चुकीच्या गोष्टीचाही होता. तपासाचा धागा त्या चुकीतच सापडला.

धागा समजण्यासाठी कागद कसा चढतो ते माहीत हवं. शिफारस सुरू होते युनिटात. कमांडिंग ऑफिसर (सीओ) ठरवतात की अमुक जवानाचं नाव पाठवायचं. मग घटनेची तारीख, वेळ, जागा, जागेचा नकाशा किंवा कच्चं रेखाचित्र, आधी मिळालेली पदकं, प्रत्यक्षदर्शींचे जबाब आणि सायटेशन म्हणजे पराक्रमाचं वर्णन, एवढा संच तयार होतो. तो वरच्या मुख्यालयात जातो, तिथले कमांडर शेरा मारतात, मग त्याच्या वरचं मुख्यालय, मग कमांड म्हणजे आमचं मुख्यालय, मग दिल्लीत सेना मुख्यालय. तिथून संरक्षण मंत्रालयाची केंद्रीय सन्मान व पुरस्कार समिती, मग पंतप्रधान, शेवटी राष्ट्रपती. दर पायरीवर तीन गोष्टी होऊ शकतात: शिफारस आहे तशी पुढं जाते, पदक बदलून पुढं जाते, किंवा तिथंच थांबते. थांबलेल्या नावाचा मालक हयातभर अनभिज्ञ राहावा, अशी रचना आहे. राज्यघटनेच्या १८व्या कलमाने पदव्या बंद केल्या, पण लष्करी आणि शैक्षणिक सन्मान त्यातून वगळले. तो सन्मान द्यायचा अधिकार राष्ट्रपतींचा, आणि त्यांची सही होईपर्यंत खालचा प्रत्येक कागद हे फक्त मत असतं.

माणसं मोजून बघा. युनिटात सीओ साहेब, त्यांचं कार्यालयीन काम बघणारा ॲडज्युटंट, टाइप करणारा क्लार्क आणि दोन साक्षीदार, असे पाच. मधल्या दोन मुख्यालयांत प्रत्येकी कमांडर, स्टाफ ऑफिसर, हेडक्लार्क, टायपिस्ट, असे आठ. आमच्याकडं आणखी चार. दिल्लीला लिफाफा निघण्याआधी सतरा जणांना नाव माहीत झालेलं असतं, आणि या हिशेबात कुणी हावरट किंवा बेजबाबदार धरलेला नाही. कागद फुटतो तो बहुतेक वेळा पैशासाठी फुटत नाही. आनंदानं फुटतो, आणि म्हणूनच आवरायला अवघड.

या सतरांच्या हातून तो कुठं कुठं गळू शकतो याची आम्हाला सवयीची यादी होती, आणि त्या सकाळी ती पहिल्यापासून तपासली.

आधी जावक रजिस्टर. लिफाफे दोन असतात. आतल्यावर ‘गोपनीय’ शिक्का, ज्यांनी उघडायचा त्यांचं पदनाम, जोडांवर लाख आणि पितळी मोहोर. बाहेरच्यावर फक्त पत्ता. वर्गीकरणाचा शिक्का चुकूनही नाही, कारण शिक्का दिसला की उत्सुकता जागी होते. आत पोचपावती, ती सही होऊन परत आली नाही तर आठवण काढायची. इतकं सगळं नीट करून आवक-जावक क्लार्क रजिस्टरच्या ‘विषय’ रकान्यात शांतपणे लिहितो: शौर्यचक्र शिफारस, ल.ना. अमुक. ते रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं आणि डाक न्यायला येणारा प्रत्येक जण त्यावर वाकून सही करतो. लाखेचा उपयोग शून्य. विषयात ‘सन्मान व पुरस्कार’ आणि फाइल क्रमांक, बस्स, एवढंच यायला हवं. आमचं रजिस्टर स्वच्छ निघालं.

मग संगणक. सायटेशन नेटला न जोडलेल्या संगणकावर टाइप होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. फाइलचं नाव काय द्यायचं याचा विचार कुणी करत नाही. नावात आडनाव आणि पदक आलं की स्क्रीनवरची यादी बघणाऱ्यालाही कळतं, आणि प्रिंटरच्या छोट्या पडद्यावरही तेच नाव झळकतं. छपाई अडकली, कागद संपला, टायपिस्ट जेवायला गेला; कुणीतरी कागद भरतो आणि अर्धवट राहिलेलं पान दुसऱ्याच्या हातात पडतं. टाइपरायटरच्या काळात कार्बन आणि रिबिनी जाळायच्या असत. आता कच्च्या प्रती मोजून नष्ट करायच्या आणि त्याचा दाखला फाइलला लावायचा. काम कंटाळवाणं आहे, म्हणून वगळलं जातं.

आणखी एक गळती अशी आहे की तिथं कागद लागतच नाही. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग सेवापुस्तकात एक आणि आधारकार्डावर दुसरं, म्हणून एखादा हुशार क्लार्क थेट घरी फोन करतो. “आई, वडिलांचं पूर्ण नाव सांगा. नाही नाही, काळजीचं काही नाही, चांगलंच काम आहे.” झालं. एका फोनने गावाला बातमी मिळाली. किंवा गणवेशातला फोटो मागवला जातो, तोही पांढऱ्या पार्श्वभूमीचा. जवानाला बढती नाही, कोर्स नाही, मग फोटो कशाला, हे त्याला न सांगताच कळतं. तपशील हवा तर रेकॉर्ड ऑफिसकडून घ्यावा, तोही पाच-सात नावांच्या गठ्ठ्यात मिसळून. फोटो जाहीर झाल्यावर मागवावा. एक दिवस उशीर झाला तरी कुणाचं काही अडत नाही.

आमच्या बाजूला काही सापडलं नाही, तेव्हा कर्नलसाहेबांनी सरळ प्रश्न टाकला: “फ्लेक्सवर काय लिहिलंय, अक्षरशः?”

संघटकांनी फोटो पाठवला होता. त्यातले तीन तपशील कागदावर मांडले. हुद्दा लान्स नायक. जवान तोपर्यंत नायक झाला होता, पण शिफारशीत घटनेच्या दिवशीचा हुद्दा लिहितात. म्हणजे माहिती शिफारशीच्या संचातून आली होती, नुसत्या ओळखीतून नाही. घरच्यांनी स्वतःहून लिहिलं असतं तर नायकच लिहिलं असतं. बढती कुणी विसरत नाही.

दुसरं, शौर्यचक्र. युनिटाने तेच सुचवलं होतं. पहिल्या मुख्यालयाने ते तसंच पुढं पाठवलं. दुसऱ्या मुख्यालयात ते बदलून सेना पदक झालं. म्हणजे बातमी बदलाच्या आधीच, पहिल्या दोन पायऱ्यांवरच सुटली होती. संशयाच्या यादीतून आमचं आणि दिल्लीचं नाव इथं गळालं. मुख्यालयात सुटकेचा श्वास सोडला गेला, हे कबूल करायला हरकत नाही.

तिसरा तपशील निर्णायक ठरला: पाच जणांचे प्राण. सायटेशनमध्ये तीन होते. पुराच्या पाण्यात दोरीच्या आधाराने दोन फेऱ्या करून त्याने छपरावरची तीन माणसं काढली होती. उरलेली दोघं दुसऱ्या बोटीने आणली, आणि हे त्या दिवशीच्या सिटरेपमध्ये, म्हणजे परिस्थितीच्या अहवालात, वेळेसकट होतं. सीओ साहेबांनी सायटेशन लिहिताना सिटरेप समोर ठेवून आकडा दुरुस्त केला. पण एका साक्षीदाराच्या जबाबात पाचच राहिले. त्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याला छपरावर पाच दिसले होते आणि संध्याकाळी पाचही जण किनाऱ्यावर होते. संपूर्ण संचात ‘पाच’ हा आकडा या एकाच पानावर होता.

तो जबाब काढून बघितला. मजकुरापेक्षा शीर्षक वाचून जास्त वाईट वाटलं: ‘शौर्यचक्राच्या शिफारशीच्या पुष्ट्यर्थ प्रत्यक्षदर्शीचा जबाब’. युनिटातल्या क्लार्कने जुना नमुना उचलला होता आणि त्यावर पदकाचं नाव आलं होतं. साक्षीदाराने खाली सही केली. म्हणजे ज्या माणसाला फक्त ‘काय पाहिलं’ एवढंच विचारायचं होतं, त्याला आपणच लेखी कळवलं की कुणाला काय मिळावं म्हणून हे चाललं आहे. त्याच्याकडून गोपनीयतेची अपेक्षा करायची तर आधी त्याला गुपित द्यायलाच नको होतं.

यातला दुसरा तोटा मोठा आहे, आणि त्याकडं लक्ष कमी जातं. साक्षीदाराला पदक माहीत असलं की जबाब पदकाच्या मापाने लिहिला जातो. अशोकचक्राच्या व्याख्येत अत्युच्च कोटीचं शौर्य किंवा आत्मबलिदान, कीर्तिचक्राच्या व्याख्येत ठळक शौर्य, शौर्यचक्राच्या व्याख्येत नुसतं शौर्य, आणि तिन्हींत ते शत्रूसमोर नसताना केलेलं. सेना पदकाच्या व्याख्येत सैन्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची कर्तव्यनिष्ठा किंवा धैर्य. युनिटातले क्लार्क सायटेशनच्या शेवटच्या ओळीत व्याख्येतलेच शब्द घालतात, त्यामुळे पदकाचं नाव झाकलं तरी शेवटची ओळ वाचून जाणकार पदक ओळखतो. तीच ओळ जबाबातही आली, की वरचा कमांडर दोन्ही वाचून म्हणतो, हे साक्षीदाराचं बोलणं नाही, हे ऑफिसचं आहे. मग त्याचा विश्वास घसरतो आणि खऱ्या धाडसाचंही वजन कमी होतं. मीटर, मिनिटं, पाण्याचा वेग, दोरी कुणी धरली, हुकूम होता की तो आपणहून उतरला, पहिल्या फेरीनंतर त्याला थांबायला सांगितलं होतं का, हे जबाबात हवं. ‘अतुलनीय साहस’ हे साक्षीदाराने लिहायचं नसतं.

पुढचं दोन फोनमध्ये उलगडलं. साक्षीदार डिसेंबरात रजेवर आला होता. एका हळदीत जवानाच्या भावाला भेटला आणि म्हणाला, “तुझ्या भावाचं नाव वर गेलंय.” त्याने गुपित विकलं नाही, फुशारकीही मारली नाही, मित्राच्या भावाला चांगली बातमी दिली. ‘वर गेलंय’चं आठवड्यात ‘लागलंय’ झालं, मग ‘मिळालं’, आणि फ्लेक्सवाल्याकडं पोचेपर्यंत ‘जाहीर’. आपल्याकडं नाव वर जाणं आणि नाव लागणं यात बोलताना फारसं अंतर राहत नाही. ज्याचं नाव होतं त्याला मात्र हे कळलं ते भावाने पाठवलेल्या फ्लेक्सच्या फोटोवरून. तो घाबरून आपल्या सुभेदारसाहेबांकडं गेला: “साहेब, मी काही सांगितलेलं नाही.”

दुपारपर्यंत कुठून फुटलं ते कळलं. खरी अडचण पुढं होती. फ्लेक्स उतरवायचा कसा?

सरपंचांना ‘हे चुकीचं आहे, उतरवा’ असं सांगितलं तर ते विचारणार, चुकीचं म्हणजे काय? मिळालं नाही की दुसरं मिळालं? दोन्हीचं उत्तर आमच्याकडं नव्हतं, कारण दिल्लीत काय झालं ते आम्हालाही माहीत नव्हतं. तिथं सेना पदकाचं पुन्हा काहीही होऊ शकत होतं, नाव गळूही शकत होतं. आणि असतं तरी देता आलं नसतं. एकाच गावाला पत्र पाठवणं म्हणजे त्या गावच्या बातमीवर अर्धा शिक्का मारणं. काहीच न करता २६ तारखेला मानपत्रासह सत्कार होऊ देणं, मग तर घराण्याची फजिती ठरलेलीच.

तोडगा साधा निघाला. संघटकांच्या कार्यालयाने एका गावाचं नाव न घेता आपल्या हद्दीतल्या सगळ्या तालुक्यांना एकच सूचना पाठवली: प्रजासत्ताक दिनाच्या शौर्य पुरस्कारांबाबत अधिकृत घोषणेपूर्वी कुणाचंही अभिनंदन, सत्कार वा फलक करू नये, घोषणेनंतर कार्यालय स्वतः कळवेल. सगळ्यांना गेली म्हणून ती कुणाला बोचली नाही. संघटक ती घेऊन सरपंचांकडं गेले आणि आपल्या पद्धतीने म्हणाले, “अण्णा, वरून आदेश सगळ्या जिल्ह्याला आलाय. तुमचा पोरगा काय पळून चालला नाही. सव्वीसला कळंलच.” फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला. मोबाइलवर फिरणारा फोटो अर्थातच उतरला नाही.

साक्षीदारावर काय करायचं, यावर थोडी चर्चा झाली. लष्करी कायदा, १९५० च्या ६३व्या कलमात सुव्यवस्था आणि शिस्तीला बाधा आणणारं वर्तन बसवता येतं, आणि एक-दोघांचं मत तसं होतंही. पण ज्या कागदावर आपणच पदकाचं नाव छापलं, त्यावरून त्याला दोषी धरणं टिकलं नसतं आणि शोभलंही नसतं. त्याला समज मिळाली. क्लार्कला नमुना बदलायला सांगितलं.

हे सगळं कशासाठी, असं बाहेरचा माणूस विचारतो, आणि सुरक्षेचं उत्तर त्याला पटकन पटतं. दहशतवादविरोधी कारवाईतल्या जवानाचं नाव, गाव आणि त्याने काय केलं हे आधी फुटलं तर घरच्यांना धोका होऊ शकतो. राजपत्रातला मजकूरही त्यासाठी चाळून, पद्धती आणि खबऱ्यांचे माग काढून टाकूनच छापतात. पण पुराच्या केसमध्ये शत्रू कुठं होता? तिथं गोपनीयता शेरा मारणाऱ्याच्या पेनासाठी असते. मधल्या मुख्यालयातल्या कमांडरने लिहिलं की धोका पत्करला हे खरं, पण दोरी आणि जाकीट होतं, मदतीला बोट होती, म्हणून शौर्यचक्राऐवजी सेना पदक योग्य. हे लिहायला त्याला मोकळीक हवी. त्याचं नाव आणि मत गावाला कळणार असेल तर तो बदल करणारच नाही. आहे तसं वर ढकलेल, त्याच्यावरचाही ढकलेल, आणि दिल्लीत सगळेच अशोकचक्राच्या लायकीचे होऊन पोचतील.

मात्र याच आडोशाला आळसही लपतो, हेही खरं. ‘सेना पदकासाठी शिफारस’ एवढी एक ओळ लिहून, कारण न देता पदक उतरवलेले कागद पाहिले आहेत. कारण बाहेर सांगू नका, पण फाइलीत तरी लिहा. न लिहिलेलं कारण गोपनीय नसतं, ते नसतंच.

आणि ही गोपनीयता अनंतकाळची असायचं कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि भारतीय सैन्याच्या शिफारशी ज्या ‘आर्मी फॉर्म डब्ल्यू ३१२१’वर जात, ते कागद आज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ३७३’ या मालिकेत कुणालाही बघता येतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी जे केलं त्याची व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा जूनमध्ये झाली. दोन-अडीच महिन्यांत कागद सगळ्या पायऱ्या चढून गेला. उलट खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाचे, रामा राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे दूर करून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली तेव्हा परमवीरचक्र नावाचं पदकच नव्हतं. ते २६ जानेवारी १९५० ला, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू म्हणून, स्थापन झालं. पावणेदोन वर्षं! एवढा काळ मोबाइलच्या जमान्यात एखादं नाव दाबून ठेवून दाखवावं कुणी.

२५ तारखेला संध्याकाळी यादी आली. अशी यादी वाचायची पद्धत असते: आधी जवानाचा सेवा क्रमांक, त्याच्या शेवटच्या अक्षरासकट, मग नाव. एकाच नावाचे दोन जवान असणं दुर्मीळ नाही, आणि क्रमांकाचं अक्षर न बघता केलेलं अभिनंदन परत घ्यावं लागलेलं आहे. आमचा जवान यादीत होता. सेना पदक, शौर्यासाठी.

संघटकांनी रात्रीच फोन केला, आवाज पडलेला. “साहेब, घरी गेलो होतो. पेढे आणले होते मी. त्याचे वडील म्हणाले, चक्र कुणी काढून घेतलं?”

कुणी काढून घेतलं नव्हतं. चक्र त्याच्याकडं कधी नव्हतंच. पण फ्लेक्स आठवडाभर आधी लागून गेला असल्यामुळं एका मिळालेल्या पदकाची घरात तूट म्हणून नोंद झाली. फरक पैशांतही आहे आणि तो गावाने लगेच काढला: ऑगस्ट २०१७ पासून शौर्यचक्राला महिना ६,००० रुपये, शौर्याच्या सेना पदकाला २,०००. राज्य सरकारची रक्कमही पदकानुसार वेगळी. सत्कार झाला, पण मानपत्रावर पदकाचं नाव बारीक अक्षरात होतं, असं संघटक म्हणाले. दुर्दैव असं, की शौर्यचक्राची शिफारस झाली होती हे कळलं नसतं तर त्याच गावाने सेना पदकासाठी ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली असती.

मार्चमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज आला, भावाच्या नावाने. मूळ शिफारशीची प्रत, प्रत्येक पातळीवरचे शेरे, बदल करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, बदलाचं कारण, जबाबांच्या प्रती. अर्ज नीट लिहिलेला होता. कुणीतरी जाणत्याने मदत केली होती. लष्कर हे २००५ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या सूट मिळालेल्या संस्थांत नाही, त्यामुळं ‘आम्हाला कायदा लागू नाही’ असं उत्तर देता येत नाही, आणि द्यायचा प्रयत्न केला तर अपिलात मार खावा लागतो. उत्तर प्रत्येक मुद्द्याला, ३० दिवसांत, आणि नकार असेल तिथं कलम आणि कारण लिहून द्यावं लागतं. आम्ही मसुदा करून माहिती अधिकाऱ्यांकडं पाठवला: पदक जाहीर झाल्याचा तपशील दिला, शिफारस किती पातळ्यांतून जाते ती पद्धत दिली. शेरे आणि नावं कलम ८ (१) मधल्या विश्वासाच्या नात्यातली माहिती आणि वैयक्तिक माहिती या उपकलमांखाली नाकारली. अर्जदार स्वतः जवान नव्हता, त्यामुळं जवानाचा संच त्याला देणं हे त्रयस्थाला देणं होतं, हाही मुद्दा लिहिला. पहिल्या मसुद्यात कुणीतरी ‘मूळ शिफारस शौर्यचक्राची नव्हती’ असं वाक्य घातलं होतं. ते खोटं होतं, काढलं. त्याजागी ‘मूळ शिफारस शौर्यचक्राची होती’ असंही लिहिता येत नव्हतं. दोन्हीच्या मधलं वाक्य जुळवायला अर्धा दिवस गेला. अपील आलं नाही.

जबाबाचा नमुना तेव्हाच बदलला आणि खाली युनिटांना कळवला. शीर्षक आता ‘दिनांक अमुक रोजीच्या घटनेबाबत जबाब’. पदकाचं नाव नाही, ‘शिफारस’ हा शब्द नाही, ‘सन्मान व पुरस्कार’ फाइलचा क्रमांकही त्यावर नाही. तो नंतर आत लावताना पेन्सिलने येतो. एकाच घटनेतल्या चार-पाच जणांचे जबाब घ्यायचे, कुणा एकाबद्दल नव्हे, घटनेबद्दल. त्यामुळं कागद वाढले आणि सायटेशन लिहिणाऱ्याचं कामही वाढलं, पण तीन की पाच हा घोळ आता जबाबातच सुटतो.

सही करताना साक्षीदार अजूनही विचारतात, “साहेब, हे कशासाठी?” “नोंद ठेवायची असते,” असं सांगायचं ठरलं आहे. जुनी माणसं त्यावर मान हलवतात, पेन परत देतात आणि दारातून वळून म्हणतात, “होऊन जाऊ द्या साहेब त्याचं.”